पेटीतली चढाई

यशोदाबाई कचव्यांच्या घरी चहा हवा असेल तर आधी कबड्डी बघावी लागते. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. सिलिंडर आणणारा, पोलिओ डोसवाल्या बाया, मतं मागायला आलेले कार्यकर्ते, कोणालाही यातून सूट मिळालेली नाही. एका उमेदवाराने घाईघाईत "हो हो, पाय आतच होता" म्हणून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "कोणता पाय?" त्याला सांगता आलं नाही. त्याला त्यांनी मत दिलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं.

प्रश्न डाव्या पायाचा आहे. यशोदाबाईंची मुलगी विजयश्री कबड्डी खेळायची. सांगलीला राज्य स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तो टीव्हीवर दाखवला. गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई तिची होती. ती गेली, समोरच्या एका मुलीला हात लावला, बाजूच्या रेषेजवळून वळली आणि मध्यरेषा गाठून उभी राहिली. हात वर करून हसतेय तोच पंचाने शिट्टी मारली. पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला म्हणाला. विजयश्री बाद, सामना गेला. त्यानंतर तिने खेळ सोडला. लग्न होऊन ती आता पुनावळ्याला असते, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, तिचं उत्तम चाललं आहे. पंचाचा निर्णय तिने मान्य केला. आईने केला नाही.

मी शेजारी राहते, त्यामुळे ती चढाई मी जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा स्वतःच्या लग्नाचा अल्बमही पाहिलेला नाही. मी पहिल्यापासून स्पष्ट सांगत आले, "यशोदाबाई, यात काहीही दिसत नाही. एक पोरगी पळते आणि शिट्टी वाजते, एवढंच आहे."

"तुमचे डोळे गेलेत म्याडम," त्या म्हणायच्या. "मोतीबिंदू काडून घ्या, मंग बोला."

तो काढून झाल्यावरही मी तेच म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरला नावं ठेवली.

यशोदाबाई मूळच्या परभणीकडच्या, गंगाखेडच्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आल्या आणि कुरुळीच्या एका कंपनीत लागल्या. गाड्यांच्या आत तारांचे जे जुडगे असतात ते बनवणारी ही कंपनी. तारा कापायच्या, टोकं सोलायची, सोल्डरचा डाग द्यायचा, रंगाला रंग जोडायचा. तीच कंपनी टीव्हीच्या रेकॉर्डरवाल्या पेट्यांसाठीही वायरी पुरवायची. एका दिवाळीला इतर कंपन्यांनी कामगारांना कुकर वाटले, तर या कंपनीने एकेक पेटी वाटली. गच्चीवरच्या फुकट चॅनेलवाल्या डिशच्या छत्रीला जोडली की चॅनेल दिसायचे आणि हवा तो कार्यक्रम पेटीत भरून ठेवता यायचा. बाकीच्या बायकांनी पेट्या विकून टाकल्या. यशोदाबाईंनी ठेवली.

सामन्याच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नाही. दुसरी शिफ्ट होती आणि वर ओव्हरटाइम लागला होता. "राज्याची मॅच हाय," त्या सुपरवायझरला म्हणाल्या. तो म्हणाला, "डिस्पॅच पण आहे." त्यांनी पेटीला वेळ लावून ठेवली आणि कामावर गेल्या. पोरगी मैदानात उतरली तेव्हा आई तारांची टोकं सोलत होती. त्या दिवसाचं जे काही त्यांच्याकडे आहे ते पेटीने पाहिलेलं आहे. त्या पेटीबद्दल कोणी वावगं बोललं की त्या का चवताळतात, हे एवढं माहीत असलं की कळतं.

यंदा टीव्हीच्या पडद्यावर एक पाटी यायला लागली. पेटीची मूळ कंपनी कोणीतरी विकत घेतली होती. नव्या मालकाचं म्हणणं असं की हे मॉडेल महिनाअखेर बंद होईल, त्यातली रेकॉर्डिंग त्यानंतर उघडणार नाहीत, ग्राहकांनी पेटी बदलून घ्यावी. यशोदाबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती. तिने नाव करिष्मा सांगितलं.

"मॅडम, आपल्याला नवीन बॉक्स मिळेल. जुना आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

"आन् त्यातली लेक?"

"सॉरी, मॅडम?"

"त्यात माजी लेक हाय. कबड्डी खेळायलीय."

"अच्छा, रेकॉर्डिंग. ते ट्रान्सफर होणार नाही, मॅडम. नवीन बॉक्समध्ये आपण परत रेकॉर्ड करू शकता."

"परत? मंजी म्या समद्या पोरी परत सांगलीला गोळा करू? अन् पंचाला बी बोलावू?"

करिष्माला हसू आलं, ते तिने दाबलं. "मॅडम, पॉलिसी आहे."

"पेटी कुनाची हाय?"

"आपलीच आहे, मॅडम."

"पेटी माजी, लेक माजी, मंग कुलूप तुमचं कामून?"

यावर करिष्माने विचारलं की आजच्या सेवेबद्दल आपण किती गुण द्याल. यशोदाबाईंनी फोन ठेवला.

महिना संपला आणि पाटीत म्हटल्याप्रमाणे झालं. सामन्याचं नाव यादीत दिसायचं, पण बटण दाबलं की पडदा काळा. त्यांनी पेटी उघडून आतली डिस्क काढली आणि कोपऱ्यावरच्या विक्कीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेली. मी सोबत होते. विक्कीने ती जोडली आणि म्हणाला, "मावशी, ही कोरी दाखवतेय. फॉरमॅट करू का, विचारतंय."

"मंजी काय?"

"पुसून नवी करायची."

"तुजी पाटी पुस," म्हणून त्यांनी डिस्क ओढून घेतली, पदरात बांधली आणि घरी येऊन परत पेटीत बसवली.

मला खरं तर त्या कबड्डीशी देणंघेणं नव्हतं. पण विकत किंवा बक्षीस दिलेल्या वस्तूला मागाहून कुलूप घालायचं हा जो उर्मटपणा आहे, तो मला सहन होत नाही. मी टॅबलेट घेऊन बसले आणि शोधत गेले. तीच पेटी युरोपात दुसऱ्या नावाने विकली जात होती आणि तिथल्या लोकांनाही असाच दणका बसला होता. ते रडत बसले नाहीत. त्यांनी पेटीसाठी स्वतःचं फर्मवेअर लिहून काढलं होतं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं.

यशोदाबाईंना मी समजावलं. पेटीचं डोकं पेटीचंच, पण त्यात भरलेली अक्कल कंपनीची. फर्मवेअर म्हणजे ती अक्कल. रेकॉर्डिंगची किल्ली डोक्यात आहे, म्हणून विक्कीकडे डिस्क उघडली नाही. आणि उघडायचं नाही असं कंपनीची अक्कल सांगते, म्हणून घरीही उघडत नाही. ती अक्कल काढायची, दुसरी भरायची, किल्लीला हात लावायचा नाही.

"ही चोरी तं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"स्वतःच्या दाराचं कुलूप बदलणं ही चोरी असते का?"

"मंग कवा करायचं?"

"गुरुवारी," मी म्हणाले, आणि त्याच वेळी त्याही म्हणाल्या, "बेस्तरवारी."

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे जन्मभर सगळी महत्त्वाची कामं गुरुवारी होतात. टाकी धुणं गुरुवारी, दवाखाना गुरुवारी, विजयश्रीला बघायला मुलगा आला तो गुरुवारी. आता यशोदाबाई कामावर जात नाहीत, मी तर केव्हाच निवृत्त झाले, आम्हाला सगळे वार सारखे. पण कामाचं म्हटलं की तोंडातून गुरुवारच निघतो. आणि कारखाने बंद म्हणून विजेच्या लाइनची दुरुस्तीही गुरुवारीच काढतात. हेही इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आम्ही दोघी गुरुवारी सकाळी मिक्सर आधी फिरवून घेतो, मोटर आधी लावून घेतो. त्या गुरुवारीही घेतली.

मग बसलो. पेनड्राइव्हवर फाइल घेतली, पेटीला लावली, समोरचं बटण दाबून धरत पेटी चालू केली. काम चालू असताना वीज जाता कामा नये, असं त्या लोकांनी ठळक लाल अक्षरात लिहिलं होतं. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. यशोदाबाई म्हणाल्या, "बरं," आणि उठून फ्रिज बंद करून आल्या, पेटीला सगळा करंट मिळावा म्हणून.

पडद्यावर एक पट्टी सरकत होती. निम्म्याच्या पुढे गेली होती. तेवढ्यात पडदा गेला, पंखा गेला, खाली कोणाची तरी मोटर घरघरत बंद पडली.

"आज वार कोणता?" मी विचारलं.

"तुमाला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

दुपार कलल्यावर लाइट आली. पेटीवर नुसता लाल दिवा. रिमोट लावला, बटणं दाबली, उलटी करून हलवली, काही नाही. जुनी अक्कल पुसली गेली होती आणि नवी अर्धीच शिरली होती. मी म्हणाले, "संपलं."

"लाल हाय की अजून. मेल्यावर दिवा ऱ्हात नसतो."

विजयश्रीचा फोन आला. आईने पेटी बंद पडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं आई. सुटलीस तू. मीपण सुटले. सासरची माणसं घरी आली तरी तू तेच लावतेस, मला कुठं बघावं कळत नाही." फोन ठेवून यशोदाबाईंनी पेटी फडक्याने पुसली. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हे साधं खूळ नाही. ती डिस्क गेली तर जगात फक्त पंचाचा शब्द उरणार होता.

मी परत त्या लोकांचं लिखाण उघडलं. अर्धवट मेलेली पेटी उठवता येते, असं त्यात होतं. आतल्या बोर्डावर तीन खिळे असतात, त्यांना तारा जोडायच्या, त्या कॉम्प्युटरला लावायच्या आणि अक्कल थेट डोक्यात ओतायची. त्यासाठी लागणारी केबल चिखलीत कोणाकडे असेल तर ज्ञानेशकडे. तो इथल्या गावकीतला, वडिलांच्या जमिनीवर शेड टाकून मोठ्या मशिनींचे बोर्ड दुरुस्त करतो.

त्याने पेटीकडे खुर्चीतूनच नजर टाकली. "भंगारात घाल मावशे. ह्ये काय उठत न्हाई आता."

"तू हात तरी लावला का तिला? न बघता निकाल देऊ नको."

"आमी रोज लाखाची मशीन उठवतो. ही खेळणी हाय."

"मंग खेळणं उठीव. लाखाचं तं कुनी बी उठवंल."

ज्ञानेश हसला आणि उठला. केबल त्याने दिली, डाग द्यायला मात्र यशोदाबाईंनी त्याला जवळ येऊ दिलं नाही. मी वाचत होते, त्या जोडत होत्या, आणि दुसऱ्या तारेलाच भांडण झालं.

"इथे लिहिलंय, पेटीची पाठवणारी तार कॉम्प्युटरच्या घेणाऱ्या टोकाला लावायची. उलटसुलट."

"रंगाला रंग लागतो म्याडम. जिंदगी गेली माजी त्यात."

"तुमच्या कंपनीत लागत असेल. इथे एकजण बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचं असतं. दोघांची तोंडं एकमेकांना बांधून काय होणार?"

"आमच्या लायनीवर असं उलटं केलं असतं, तं हॉर्न दाबल्यावर वायपर हलला असता."

त्यांनी रंगाला रंग जोडला. कॉम्प्युटरवर काहीही आलं नाही. त्यांनी बोटाला लागलेला चटका चोखला, थोडा वेळ बोर्डाकडे रागाने पाहिलं आणि म्हणाल्या, "करते तुमचं उलटं." उलटं केलं आणि काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावायला लागली. मीही त्यांना काही बोलले नाही, हे माझ्या स्वभावात बसत नसलं तरी.

तो मंगळवार होता आणि ज्ञानेशच्या शेडमध्ये बॅटरीचा बॅकअप होता. तरीही अक्षरं धावत होती तोवर यशोदाबाई बॅटरीवर हात ठेवून उभ्या होत्या, जणू ती पळून जाणार होती.

दिवा हिरवा झाला. ज्ञानेशने शेडमध्ये क्रिकेटसाठी टांगलेला टीव्ही जोडला. पडद्यावर सगळं जर्मनमध्ये. मला जर्मन येत नाही, पण यादी कुठल्याही भाषेत यादीसारखीच दिसते. मी बाण दाबत गेले. मालिकांचे जुने भाग, पाककृती, कसलंसं कीर्तन, आणि तळाशी सामना.

"ती बगा," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा.

सामना लागला. त्या सवयीप्रमाणे थेट शेवटच्या चढाईवर गेल्या. आणि इथे एक गोष्ट झाली जी आमच्या कोणाच्या हिशेबात नव्हती. कंपनीच्या अकलेत चित्र पुढे पळवता यायचं, थांबवलं तर फक्त धुरकट व्हायचं. नव्या अकलेत एक बटण होतं, दाबलं की चित्र एकेक करून पुढे सरकत होतं, स्वच्छ. ज्ञानेशची माणसं हातातली कामं टाकून मागे उभी राहिली.

विजयश्री वळली. डावा पाय उचलला. पाय खाली येतो तिथे, कॅमेरा आणि रेषा यांच्या मध्ये, पंच उभा होता. पाय त्याच्याच पँटीआड.

"पाय दिसत न्हाई," ज्ञानेश म्हणाला. मग तो टीव्हीच्या जवळ गेला. "पण मावशे, ह्यो बघतोय कुठं?"

मी बटण मागे नेलं, पुढे नेलं. पंचाचं तोंड रेषेकडे नव्हतं. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावरून कोणीतरी त्याला हाक मारत होतं आणि तो तिकडे बघत होता. पुढच्या चित्रात समोरच्या संघातली एक मुलगी हात वर करून ओरडत होती. त्याच्या पुढच्या चित्रात पंचाची मान वळली. मग शिट्टी तोंडात गेली. विजयश्री तोवर मध्यरेषेवर पोचून हसत होती.

"पोरीनं आरडाओरडा केला म्हनून निकाल दिला की राव," मागून एक कामगार म्हणाला.

मी तरीही खरं ते सांगितलं. "पाय आत होता असं यावरून म्हणता येत नाही, यशोदाबाई."

"म्हनूच नका. त्यानं बघितलं न्हाई, येवढं म्हना."

"ते म्हणते."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि ज्ञानेशला चहा आणायला पाठवलं, त्याच्याच शेडमधून.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस जुनी पेटी न्यायला आला. त्यांनी त्याला बसवलं, सामना दाखवला, चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. जाताना त्याने विचारलं, "पण मावशी, ही तर बंद व्हायला पाहिजे होती?" त्या म्हणाल्या, "व्हय. झाली न्हाई." आता पाहुण्यांना त्या पायाबद्दल विचारत नाहीत. म्हणतात, "पाय सोडा. पंचाकडं बगा."

विजयश्री आली ती अर्थात गुरुवारी. पेटी चालू पाहून तिने कपाळाला हात लावला. आईने तिला खुर्चीत बसवलं आणि एकेक चित्र करून पंचाची मान दाखवली. मी तिचं तोंड बघत होते.

"तो बघतच नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"मंग? म्या काय म्हनलं होतं?"

"तू म्हणायचीस पाय आत होता."

"एकच हाय ते."

"एकच नाहीये आई." तिने आईच्या हातातून रिमोट काढून घेतला. "आणि तू याच्या आधीचं कधी बघितलंस का? एवढ्या वर्षांत?"

यशोदाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मलाही तेव्हाच लक्षात आलं. आमच्यापैकी कोणीही तो सामना सुरुवातीपासून पाहिलेला नव्हता. सामन्याची शेवटची चढाई एवढीच चढाई आम्हाला माहीत होती.

विजयश्रीने सामना पहिल्यापासून लावला. आणि ती पोरगी काय खेळत होती म्हणून सांगू. एका चढाईत तिघींना हात लावून, चौथीच्या पकडीतून साप निसटावा तशी निसटून परत आली. यशोदाबाई खुर्चीच्या काठावर आल्या होत्या. निकाल पाठ असलेली बाई "आता काय होईल" म्हणून मला विचारत होती. मध्यंतर झालं, दुसरा डाव सुरू झाला, विजयश्रीच्या संघाचे दोन गडी बाद झाले आणि लाइट गेली.

कोणीही वाराबद्दल बोललं नाही.

"येईल दुपारी. बसा," यशोदाबाई म्हणाल्या. पण विजयश्रीला राहवेना. ती उठली, टीपॉय भिंतीला सरकवला, ओढणी कमरेला बांधली आणि पुढचं करून दाखवायला लागली. इथे ती जाडी उभी होती, तिथे ती ठेंगणी, ही अशी आली, मी अशी वाकले. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत मैदान झालं. इतकी वर्षं ज्या खेळाचं नाव काढू देत नव्हती ती मुलगी फरशीवर दम धरून घुमत होती. गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई आली. तिने हवेत हात मारला, वळली, फरशीच्या सांध्याची रेषा धरली, डावा पाय उचलला आणि तसाच अधांतरी ठेवून थांबली.

"आई, बघ. कुठं पडला ते दाखवते."

यशोदाबाईंनी पायाकडे पाहिलं नाही. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग उठून तिला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"पाय खाली ठेव, लचकंल," त्या म्हणाल्या. "मला तुजी साक्ष नको. लाइट आली की पेटीत बघीन."

आणि रिमोट हातात घेऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या.